सोलापुरी चादरींचा पीडीएफ कॅटलॉग वेबसाइटवरच कसा दाखवायचा?

मोबाइलवर कॅटलॉग उघडण्याऐवजी डाउनलोड होतो, ही तुमची अडचण मोझिलाच्या पीडीएफ.जेएसने सुटेल. २०११ पासूनची ही मोफत लायब्ररी, म्हणजे वेबसाइटला जोडायचा तयार कोड, प्रत्येक पान कॅनव्हासवर (वेबपानातल्या चित्र काढायच्या चौकटीवर) रंगवते; फायरफॉक्समध्येही हीच चालते. वर्करची फाइल (पीडीएफ वाचायचं काम मागच्या बाजूला करणारी) आणि मुख्य लायब्ररी एकाच आवृत्तीची ठेवा, नाहीतर पान कोरंच राहतं.

आता चादरींचं. जेकार्ड मागावर विणलेली बारीक नक्षी फोनवर धूसर दिसत असेल, तर व्ह्यूपोर्टचा स्केल (पान किती पट मोठं रंगवायचं तो आकडा) डिव्हाइस पिक्सेल रेशोने (वेबपानाच्या एका पिक्सेलच्या रुंदीत पडद्याचे किती खरे पिक्सेल येतात, त्या आकड्याने) गुणा, कॅनव्हासचं माप त्यावरून घ्या आणि सीएसएसमधली (पानाची मांडणी ठरवणाऱ्या कोडमधली) रुंदी मूळचीच ठेवा. हे केल्याशिवाय गिऱ्हाइकाला लिंक पाठवूच नका. नक्षी बघूनच तर ऑर्डर ठरते. सगळी पानंही एकदम रंगवू नका, स्क्रोल करताना समोर येतील तेवढीच; साध्या फोनची मेमरी लगेच भरते.