लेकीच्या रोपिंगच्या सरावासाठी: आधी दोर, मग साधी डमी, हलणारी सगळ्यात शेवटी

तुमची बारा वर्षांची लेक रोपिंग, म्हणजे घोड्यावरून दोराचा फास टाकून जनावर पकडणं, शिकायला शाळेच्या रोडिओ क्लबात जायला लागलीय आणि वाढदिवसाला तिला एटीव्हीमागे (चारचाकी मोटारबाइकमागे) ओढायची, पाय हलवणारी जनावराची डमी घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत : इतक्यात नको. वस्तू उत्तम आहे, पण महागडी, आणि फास हातातून नीट सुटत नाही तोवर समोरचं जनावर पळतंय की उभं आहे याने काय फरक पडणार?

पहिले पैसे दोरावर घाला. टीम रोपिंगमध्ये दोघं मिळून एक गोऱ्हा पकडतात; त्यात गोऱ्ह्याची शिंगं धरणारा हेडर साधारण ३० ते ३२ फुटांचा मऊ दोर वापरतो. मागचे पाय धरणाऱ्या हीलरचा ३५-३६ फुटांचा आणि जरा कडक असतो, कारण त्याचा फास पोटाखाली, मागच्या पायांपुढे उभा राहावा लागतो. तिच्या मनगटाला दोन्ही जड. मुलांसाठी बारीक, आखूड दोर मिळतात. ऑनलाइन मागवू नका, दुकानात नेऊन तिलाच दोन-चार फिरवून बघू द्या. नायलॉन उन्हात ढिलं पडतं, थंडीत ताठरतं, त्यामुळे टेक्ससच्या जुलैत दोर डिकीत टाकून ठेवू नका. रोप कॅन, म्हणजे दोर ठेवायचा डबा, घ्या आणि तो घरात ठेवा. होंड्यातून, म्हणजे दोराच्या टोकाच्या डोळ्यातून, फास अडकत सरकायला लागला तर थोडी बेबी पावडर चोळायची. इथे सगळे तेच करतात.

मग प्लॅस्टिकचं शिंगांचं डोकं. त्याच्या मागे लोखंडी सळया असतात, त्या गवताच्या गठ्ठ्यात खुपसायच्या. गठ्ठा जमिनीवरच ठेवा, टेबलावर नको, कारण घोड्यावरून शिंगं खालीच दिसतात. हेडर गोऱ्ह्याच्या डाव्या अंगाला असतो, म्हणून तिला गठ्ठ्याच्या मागे, जरा डावीकडे उभं करा. फासाची खालची बाजू आधी उजव्या शिंगाला लागली पाहिजे, मग टोक वळून डाव्या शिंगावर बसतं. सोडताना पंजा उघडा, तळवा खाली. आणि फास बसला की लगेच मागे ओढून ढील काढायची. पोरं फास पडला की नाचायला लागतात, ढील तशीच राहते!

बहुतेक जण डावा हात विसरतात. जमिनीवर सराव करतानाही त्या हातात वेटोळी हवीत, आणि लगामाच्या जागी एखादी जुनी दोरी. नाहीतर घोड्यावर बसल्या दिवशी डाव्या हाताचं काय करायचं तेच कळत नाही.

ती ब्रेकअवेकडे, म्हणजे एकटीने वासराच्या गळ्यात फास टाकण्याच्या प्रकाराकडे, वळणार असेल (मुली बऱ्याचदा वळतात) तर शिंगांऐवजी वासराची डमी घ्या. ब्रेकअवेत दोर खोगिराच्या हॉर्नला (पुढच्या खुंटाला) नुसत्या सुतळीने बांधलेला असतो. वासराने ओढ दिली की सुतळी तुटते आणि वेळ थांबते. डॅलीची, म्हणजे हॉर्नभोवती दोराचे वेढे घेण्याची, भानगड नाही.

टीम रोपिंग करायचं असेल तर मात्र डॅली आधी स्टँडवरच्या खोगिरावर घोटून घ्या. दुसऱ्या टोकाला तुम्ही हळू ओढ द्या. अंगठा कायम वर. यात हयगय नको : टीम रोपिंगमध्ये सात वेळा विश्वविजेता ठरलेल्या जेक बार्न्सचा अंगठा २००५च्या रोडिओच्या नॅशनल फायनल्समध्ये असाच डॅली घेताना गेला. घरातला एक नियमही आजच सांगून टाका : कुत्रा किंवा धाकटा भाऊ यांच्यावर फास टाकायचा नाही, गमतीतही नाही.

आमच्याकडे दिवाळीला आलेली निम्मी मंडळी फराळ सोडून अंगणातल्या त्या प्लॅस्टिकच्या डोक्यामागे लागली होती, तेव्हा स्वस्त म्हणून त्याला कमी लेखू नका.

हलणारी डमी बहुधा क्लबात किंवा जवळच्या अरीनात असेल, आधी तिथे विचारा. पुढे घ्यायचीच झाली तर घरामागे मोकळी जागा किती आणि एटीव्ही कुठली ते इथे लिहा, मग सांगते.