बचत गटाचा ग्रुप टेलिग्रामवर न्यावा का?

प्रश्न : आमच्या बचत गटाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, हप्त्याचा हिशोब, कर्जाचे फॉर्म, आधार कार्डाचे फोटो सगळं त्यावरच पडतं. भाची म्हणते व्हॉट्सअ‍ॅप आता फेसबुकवाल्यांचं आहे, टेलिग्रामवर चला, ते जास्त सेफ. दुसरी एक जण म्हणते सिग्नल अ‍ॅप घ्या. काय करावं? – एक वाचक, मिरज

उत्तर : ताई, टेलिग्रामवर अजिबात जाऊ नका, निदान सेफ म्हणून तरी नको. ही समजूत इतकी पसरलीय की मला खरंच काळजी वाटते. व्हॉट्सअ‍ॅपवर 2016 पासून मेसेज एंड टू एंड एन्क्रिप्टेड असतो, म्हणजे पाठवणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याच्या फोनवरच तो उघडतो, मधे कंपनीलाही वाचता येत नाही, आणि त्यासाठी तुम्हाला काही चालू करावं लागत नाही, ग्रुपलाही ते लागू आहे. टेलिग्रामचं तसं नाही. तिथे ही सोय फक्त सीक्रेट चॅटमध्ये, ते स्वतः मुद्दाम सुरू करावं लागतं आणि तेही दोघांमध्येच चालतं. ग्रुपला ते नाहीच, म्हणजे तुमच्या गटाचे सगळे मेसेज टेलिग्रामच्या सर्व्हरवर अशा रीतीने राहणार की चावी कंपनीकडेच. एक गोष्ट मात्र टेलिग्रामची चांगली, ग्रुपमधल्या अनोळखी लोकांपासून आपला मोबाइल नंबर लपवता येतो. पण तुमच्या गटात अनोळखी कोण असणार?

भाचीचं म्हणणं अगदीच चूक नाही. 2014 मध्ये फेसबुकने व्हॉट्सअ‍ॅप विकत घेतलं, आणि मेसेज वाचता येत नसला तरी तुमचा नंबर, फोन कुठला, आयपी अ‍ॅड्रेस (म्हणजे इंटरनेटवरचा तुमचा पत्ता) अशी माहिती मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्याच मूळ कंपनीच्या, बाकी कंपन्यांकडे जाते. 2021 मध्ये नवी पॉलिसी मान्य करा नाहीतर बघा असा प्रकार झाला होता ना, त्यावरूनच आपल्या स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर 2024 मध्ये मेटाला 213 कोटींचा दंड ठोठावला.

सिग्नल या बाबतीत सगळ्यात पुढे, हे मी बिनधास्त सांगेन. 2016 मध्ये अमेरिकेत सरकारी वकिलांनी त्यांच्याकडे युजरची माहिती मागितली तेव्हा द्यायला त्यांच्याकडे होतं काय, तर खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी कनेक्ट झालं, बस्स. जी माहिती साठवलीच नाही ती मागून मिळणार कुठून. व्हॉट्सअ‍ॅपचं एन्क्रिप्शनही सिग्नलच्याच पद्धतीवर चालतं, फरक आहे तो बाकी माहिती किती गोळा करतात त्यात. पण गटातल्या सगळ्याजणी सिग्नल घेतील का, हे तुम्हीच बघा. अर्ध्या इकडे अर्ध्या तिकडे झालं की हिशोबाचा घोळ होतो.

माझं मत विचाराल तर ग्रुप आहे तिथेच राहू द्या आणि आधारचे फोटो बंद करा. एन्क्रिप्शन रस्त्यात राखतं हो, फोटो समोरच्या फोनच्या गॅलरीत उतरला की तो फोन मुलाच्या हातात जातो, दुरुस्तीला दुकानात जातो, तिथे व्हॉट्सअ‍ॅप काय करणार? जुने फोटो आता 'डिलीट फॉर एव्हरीवन'ने जाणार नाहीत, त्याला साधारण अडीच दिवसांचीच मुदत असते, त्यामुळे पुढच्या बैठकीत सगळ्यांना आपापल्या फोनमधून काढायला लावा, ग्रुपमधूनही आणि गॅलरीतूनही. कागद हवाच असेल तर मास्क्ड आधार घ्या, आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या, यूआयडीएआयच्या साइटवरून डाउनलोड होतं, त्यात शेवटचे 4 आकडेच दिसतात.

आणि बॅकअप! हे बहुतेकांचं राहून जातं. गूगल ड्राइव्हवर जो चॅटचा बॅकअप जातो त्याला एंड टू एंड एन्क्रिप्शन आपोआप लागत नाही. सेटिंग, चॅट्स, चॅट बॅकअप, तिथे खाली एंड टू एंड एन्क्रिप्टेड बॅकअप आहे, ते चालू करून पासवर्ड द्या. पासवर्ड घरी वहीत लिहून ठेवा, कारण विसरलात तर बॅकअप गेला, कंपनीही परत मिळवून देत नाही. आणि हे एकटीने करून भागत नाही, कारण ग्रुपमधल्या प्रत्येकीच्या बॅकअपमध्ये तेच मेसेज असतात, तेव्हा बैठकीतच सगळ्यांचे फोन घेऊन बसा आणि एकीला जमलं की तिने शेजारचीला करून द्यायचं.