वाचकांचे प्रश्न : परसातल्या कापसाच्या वाती, सूत, वस्त्रमाळा

प्रश्न (सांगली) : दारच्या देवकापसाच्या वाती पिवळट दिसतात आणि दिव्यात तडतडतात. असे का?

उत्तर : तडतड होते ती ओलाव्यामुळे किंवा रुईत (सरकी काढलेल्या कापसात) राहिलेल्या सरकीच्या, म्हणजे कापसाच्या बीच्या, तुकड्यांमुळे. बोंड पुरते उमलल्यावरच कापूस वेचा. सकाळी दव उडाल्याबरोबर वेचणे उत्तम, कारण ऊन चढले की बोंडाखालची वाळकी पाने कुरकुरीत होतात आणि त्यांचा चुरा कापसाला चिकटतो. तो निवडणे फार जिकिरीचे. वेचलेला कापूस सुती कापडावर पातळ पसरून दोन दिवस उन्हात ठेवा, रात्री घरात घ्या. सरकी दाताखाली कट्‌कन फुटली की कापूस वाळला. चावलेली सरकी थुंकून टाका.

आता सरकी काढणे. सगळे काम बिघडते ते इथेच. पाटावर बोंडातली कापसाची एक पाकळी ठेवा आणि पेन्सिलीएवढी जाड, गुळगुळीत लोखंडी सळई तिच्यावरून दाबत पुढे लाटा. सरकी पुढे निसटते, रुई मागे राहते. जोर जास्त झाला तर सरकी फुटते, तेलाचा डाग पडतो आणि टरफलाचे कण रुईत अडकतात. थोडाच कापूस असेल तर हातानेच काढा, पण आधी सरकीभोवतीचे तंतू चहूबाजूंनी मोकळे करा. एकदम ओढले तर तुटतात. १०० ग्रॅम कापसातून साधारण ३० ते ३५ ग्रॅम रुई मिळते.

दुधाचा हात लावून वाती वळत असाल तर त्या वाळवूनच डब्यात भरा. राख लावून वळल्या तर ओलाव्याची अडचणच येत नाही.

पिवळेपणा येतो पावसात भिजलेल्या बोंडांमुळे, नाहीतर बोंडांवर गर्दी करणारे तांबडे ढेकूण वेचताना चिरडल्यामुळे. फांदीखाली साबणाच्या पाण्याचे भांडे धरून ते झटकून टाका. डागी कापूस उशीत भरायला चालतो.

प्रश्न (वर्धा) : विकतच्या पेळूचे (पिंजलेल्या रुईच्या गुंडाळीचे) सूत टकळीवर (सूत कातायच्या हातचातीवर) छान निघते, घरच्या देशी कापसाचे सारखे तुटते.

उत्तर : देशी कापसाचा तंतू आखूड असतो, बऱ्याचदा दोन सेंटिमीटरच्या आसपास. चिमटी आणि पेळू यांत त्याहून जास्त अंतर पडले की तंतू एकमेकांतून सुटतात. म्हणून थोडे थोडे ओढा, पीळ जास्त द्या आणि टकळी वाटीत टेकवून फिरवा, म्हणजे तिचे वजन धाग्यावर येत नाही. तुटलेले टोक नीट पाहा. ते विरळ, भुरभुरीत असेल तर पीळ कमी पडला. सूत आखडून गाठाळत असेल तर जास्त झाला.

पेळूही तपासा. दाबून ठेवलेली रुई आधी पिंजायलाच, म्हणजे तंतू मोकळे करायलाच, हवी. धनुकली (पिंजायचे छोटे धनुष्य) नसेल तर कुत्र्याचे केस विंचरायचे तारेचे दोन ब्रश चालतात. पिंजलेली रुई विणायच्या सुईवर सैल गुंडाळा आणि सुई ओढून काढा. गच्च पेळूतून तंतू सुटत नाहीत.

प्रश्न (फोंडा) : घरच्या रुईच्या वस्त्रमाळेवर कुंकवाचे पाणी ओघळते. सूत रंगवायचे असेल तर?

उत्तर : कच्च्या तंतूवर मेणाचा नैसर्गिक थर असतो. तेलाला तो अडवत नाही, पाण्याला अडवतो. वस्त्रमाळेसाठी कुंकू दाट कालवून बोटाने चोळून लावा. रंगवायचे असेल तर आधी सूत काता, कारण सुटी रुई उकळली की तिचा गोळा होतो. १०० ग्रॅम सुताची लड चार ठिकाणी सैल बांधून तीन लिटर पाण्यात, दोन चहाचे चमचे धुण्याचा सोडा घालून तासभर मंद उकळा. भांडे स्टीलचे घ्या, अ‍ॅल्युमिनियमला सोडा खातो. पाणी तपकिरी होईल. लड खळबळून धुवा आणि सुताचा एक तुकडा साध्या पाण्यात टाका. लगेच बुडाला तर रंगवायला घ्या, तरंगला तर पुन्हा उकळा.