पुराणमतवादी मतदार?

प्रश्न : अमेरिकेतल्या २०१२च्या रिपब्लिकन प्रायमरीवरचा, म्हणजे त्या पक्षाचा अध्यक्षपदाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीवरचा, एक लेख मराठीत आणते आहे. त्यात ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ मतदार सतत येतात. ‘पुराणमतवादी’ चालेल का? आणि प्रायमरीला ‘प्राथमिक निवडणूक’ म्हणू का?

उत्तर : ‘पुराणमतवादी’ शब्दकोशात सापडेल, पण इथे तो वापरू नका असं मी कळकळीने सांगेन. मराठीत हा शब्द माणूस दुसऱ्याला लावतो, स्वतःला नाही. ‘आमचे आजोबा पुराणमतवादी होते’ असं आपण म्हणतो. ‘मी पुराणमतवादी आहे, मला मत द्या’ असं म्हणणारा उमेदवार कुणी पाहिला आहे का? त्या प्रायमरीत मात्र सगळी चढाओढ याच बिरुदासाठी होती. मॅसॅच्युसेट्सचे माजी गव्हर्नर मिट रॉम्नी हे उमेदवार पुरेसे कॉन्झर्व्हेटिव्ह आहेत का, अशी पक्षात शंका होती, म्हणून फेब्रुवारी २०१२मध्ये त्यांनी भाषणात स्वतःला ‘सिव्हिअरली कॉन्झर्व्हेटिव्ह’ म्हणवून घेतलं. याचं मराठी ‘कडवा कॉन्झर्व्हेटिव्ह’ छान होतं, कारण ‘कडवा कार्यकर्ता’ आपण अभिमानाने म्हणतो. ‘कडवा पुराणमतवादी’ म्हटलं की तो आरोप होतो.

दुसरी अडचण अर्थाची. दुसरे उमेदवार रिक सँटोरम गर्भपात आणि समलिंगी विवाहाला विरोध करत होते. त्यांना ‘परंपरावादी’ शोभेल. पण तिसरे उमेदवार रॉन पॉल यांना फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँकच नको होती आणि परदेशातली युद्धंही नको होती. आणखी एक उमेदवार रिक पेरी तीन सरकारी खाती बंद करायला निघाले होते (२०११च्या वादसभेत तिसऱ्याचं नाव त्यांना आठवेना, ते खातं ऊर्जेचं). आहे ते मोडू पाहणाऱ्यांना ‘स्थितिवादी’ तरी कसं म्हणणार? करकपात, धर्म आणि लष्करी बळ यांपैकी कशाला आधी मान द्यायचा, यावर हे मतदार विभागले होते. आयोवा राज्यात मतदानाच्या रात्री रॉम्नी ८ मतांनी पुढे होते, पक्क्या मोजणीत सँटोरम ३४ मतांनी पुढे निघाले. पुढे साउथ कॅरोलायना राज्य न्यूट गिंग्रिच या आणखी एका उमेदवाराने जिंकलं. इतक्या निरनिराळ्या ओढींना एकच ‘पुराण मत’ चिकटवणं अन्यायाचं आहे.

ब्रिटनच्या कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाला आपल्या वर्तमानपत्रांनी ‘हुजूर पक्ष’ हे सुंदर नाव दिलं, शेजारी ‘मजूर पक्ष’ ठेवून. दुर्दैवाने ते अमेरिकेला लागू पडत नाही. तिथे कॉन्झर्व्हेटिव्ह हे पक्षाचं नाव नाही, विचाराचं आहे. म्हणून ‘कॉन्झर्व्हेटिव्ह’ तसाच ठेवा आणि गरजेप्रमाणे विशेषण जोडा : धार्मिक कॉन्झर्व्हेटिव्ह, करविरोधी कॉन्झर्व्हेटिव्ह. मथळ्यात जागा कमी असेल तर ‘उजवे’ पुरतं.

‘प्राथमिक निवडणूक’ नको. प्राथमिक म्हटलं की शाळा आठवते. पहिल्या उल्लेखाला ‘पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक, म्हणजे प्रायमरी’ असं लिहा, पुढे नुसतं प्रायमरी. आयोवाला मात्र प्रायमरी म्हणू नका. तिथे मतदार ठरल्या वेळी सभेला जमतात, उमेदवारांच्या बाजूने बोलणं होतं आणि मग मतं पडतात; त्याला कॉकस म्हणतात.