शेतात शंखासारखा दगड निघाला, म्हणजे खानदेशात समुद्र होता का?
चोपड्याच्या शेतात नांगरताना निघालेला तुमचा शंखाच्या आकाराचा दगड बहुधा समुद्री नाही, पण सातपुड्यापलीकडे नर्मदेच्या खोऱ्यात एकेकाळी समुद्र नक्की होता. आपल्या खानदेशातला काळा दगड म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. त्यात समुद्री जीव मिळत नाहीत. लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या तळ्यांच्या गाळात मात्र गोड्या पाण्यातल्या गोगलगायी सापडतात. समुद्राचा पुरावा मध्य प्रदेशात, धार जिल्ह्यातल्या बाघजवळ आहे. तिथल्या चुनखडीत सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वीचे शिंपले, समुद्री साळू (काटेरी गोल कवचाचा समुद्री जीव) आणि अमोनाइट (वेटोळ्या कवचाचा, आता नामशेष झालेला समुद्री जीव) मिळतात. समुद्री साळू खाऱ्या पाण्याशिवाय जगत नाही, म्हणून तो दिसला की तिथे समुद्र होता याबद्दल शंका उरत नाही. हे पाणी पश्चिमेकडून नर्मदेच्या खोलगट पट्ट्यातून आत शिरलं होतं, आणि ते उथळ होतं.

आता तुमचा दगड पाहा:
- चाकूने ओरखडा उठत नसेल तर तो गारगोटी किंवा अकीक असण्याची शक्यता जास्त. काळ्या दगडाच्या पोकळीत हे खडे वेटोळ्या पट्ट्यांचेही घडतात.
- ओरखडा उठला आणि लिंबाच्या रसाने बुडबुडे आले तर तो चुन्याचा. मग वेटोळ्यावर आडवे कंगोरे आणि नागमोडी रेषा शोधा. त्या नागमोडी रेषा अमोनाइटच्या कवचातल्या कप्प्यांच्या असतात.

एक अट: भरावाच्या मुरुमाबरोबर किंवा खडीबरोबर बाहेरचा दगड शेतात येऊ शकतो. त्यामुळे तो समुद्री निघाला तरी जागेवरच घडला असं लगेच धरू नका.