विहिरीच्या मातीत हिमयुगातली झाडी सापडेल का?

प्रश्न : मंगळवेढ्याकडच्या शेतात विहीर खोदताना काळ्या मातीचा जाड थर लागला. जुन्या मातीतल्या परागकणांवरून हिमयुगातली झाडी ओळखतात, असं वाचलं. सोलापूरच्या एखाद्या कॉलेजात ही माती तपासता येईल का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तपासता येईल, पण हाती फारसं काही लागणार नाही. परागकणाचं कवच आम्लाला दाद देत नाही. हवेपुढे मात्र हरतं. सतत पाण्याखाली, प्राणवायू न पोचणाऱ्या गाळातच ते हजारो वर्षं टिकतं. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगांत पडते, पावसात फुगून सगळं घुसळून निघतं. त्यामुळे यंदाच्या ज्वारीचे परागही खोलवर सापडू शकतात. पाण्याखालचा गाळ सोलापूरजवळच्या हिप्परग्याच्या तलावात मिळेल, पण तो तलाव एकोणिसाव्या शतकातला, म्हणून त्याचा गाळही तेवढाच जुना. सुमारे २१,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात होतं तेव्हा इथे बर्फ नव्हता, मोसमी पाऊस क्षीण होता. दख्खनच्या दक्षिणेला त्या काळाची नोंद निलगिरीच्या दलदलींतल्या पीटमध्ये, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या थरात, मिळते.

पद्धत शिकायला हिप्परग्याचा ओला गाळ उत्तम. १ घनसेंमी गाळात लायकोपोडियम या नेच्यासारख्या वनस्पतीच्या मोजलेल्या बीजाणूंची गोळी टाका. पुढे त्यांच्याशी तुलना करून परागांची घनता काढता येते. मग १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल, फेस थांबेपर्यंत. आपल्याकडे चुनखडी भरपूर, त्यामुळे ही पायरी उरकून टाकू नका. नंतर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये गरम करून चाळा.

वाळू-चिकणमाती काढायला प्रयोगशाळा हायड्रोफ्लोरिक आम्ल वापरतात. ते त्वचेतून हाडापर्यंत जातं, कॉलेजात नकोच. त्याऐवजी २.० घनतेच्या झिंक क्लोराइडच्या द्रावणात पराग तरंगवा. त्याआधी अल्क (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) धुऊन नमुना किंचित आम्लधर्मी करा, नाहीतर पांढरा साका बसतो. शेवटी अ‍ॅसिटोलिसिस, म्हणजे उरलेला सेल्युलोज विरघळवून परागाचं कवच स्वच्छ करणं : अ‍ॅसेटिक अ‍ॅनहायड्राइड ९ भाग, सल्फ्युरिक आम्ल १ भाग. नमुन्यात पाणी राहिलं तर मिश्रण उसळून अंगावर येतं, म्हणून आधी शुद्ध अ‍ॅसेटिक आम्लाने धुवा. हे काम धूरकपाटात (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात), शिक्षकांसमोरच.

ग्लिसरिनच्या स्लाइडवर ४०० पट मोठं करून निदान ३०० कण मोजा. आकड्यांना जसंच्या तसं मानू नका. गवताचे पराग वाऱ्यावर उडतात, म्हणून भरमसाट दिसतात. बाभळीचे जड पुंजके झाडाखालीच पडतात. दोन-चार दिसले तरी आसपास बाभळी होत्या असं धरायला हरकत नाही. गवताच्या जाती मात्र सूक्ष्मदर्शकाखाली वेगळ्या काढता येत नाहीत.