बायबलचा गाभा शोधताना
बायबलचा गाभा काय, याचं एका वाक्यातलं उत्तर मिळवायची घाई करू नकोस. मार्कच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या पुस्तकात, येशूची पहिली घोषणा देवाच्या राज्याची आहे. प्रेषित पौल रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो, माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो. बायबलातलंच दुसरं पत्र लिहिणारा याकोब म्हणतो, केवळ विश्वासाने नव्हे, कृतींनीही. जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने पौलाची बाजू इतकी घट्ट धरली, की नव्या कराराच्या आपल्या भाषांतराच्या १५२२ च्या प्रस्तावनेत याकोबाच्या पत्राला त्याने 'पेंढ्याचं पत्र', म्हणजे फारसा कस नसलेलं, म्हटलं. मला ते पटत नाही. पौल आणि याकोब, दोघांसमोरचे प्रश्नच वेगळे होते. ही दोन्ही पत्रं सलग वाच, मगच मत बनव.  आणि मत्तयच्या शुभवर्तमानाच्या २२व्या अध्यायापाशी थांब: देवावर प्रेम, शेजाऱ्यावर प्रेम. सगळं नियमशास्त्र, म्हणजे यहुदी धर्माचे नियम, या दोन आज्ञांवर अवलंबून आहे, असं येशू स्वतः सांगतो. मी अजूनही तिथेच परत परत जातो.